चुकलेल्या पत्त्यावरची मानवंदना

अमेरिकन गायिका कॅट पॉवर हिने ५ नोव्हेंबर २०२२ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पंधरा गाणी गायली. बॉब डिलनने १९६६ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये जी गाणी ज्या क्रमाने सादर केली होती, तीच गाणी आणि तोच क्रम. पूर्वार्धात केवळ साधी गिटार आणि माउथ ऑर्गन, उत्तरार्धात विजेवर चालणाऱ्या गिटारी, ऑर्गन आणि ड्रम, ही विभागणीही तीच. या मैफलीचे ध्वनिमुद्रण नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉमिनो या कंपनीने प्रसिद्ध केले. 'कॅट पॉवर सिंग्ज डिलन : द १९६६ रॉयल अल्बर्ट हॉल कॉन्सर्ट' असे त्याचे लांबलचक नाव. गंमत अशी, की ज्या मैफलीला ही मानवंदना आहे, ती मैफल रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालीच नव्हती. ती झाली मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये, १७ मे १९६६ रोजी.

या घोळाचे मूळ चोरट्या ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यात आहे. डिलनच्या त्या दौऱ्यातील काही मैफली त्याच्या कंपनीने मुद्रित करून ठेवल्या होत्या. परंतु त्या प्रसिद्ध झाल्या नाहीत. पुढे मँचेस्टरच्या मैफलीची फीत बाहेर फुटली आणि तिच्यावरून निघालेल्या बेकायदा तबकड्यांवर कोणीतरी 'रॉयल अल्बर्ट हॉल' असा शिक्का मारला. दौऱ्याची अखेर २६ आणि २७ मे रोजी खरोखरच त्या सभागृहात झालेली असल्याने कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. पुढची जवळजवळ तीन दशके चाहत्यांनी ती तबकडी हातोहाती फिरवली. १९९८ मध्ये कंपनीने ती अधिकृतपणे बाजारात आणली, तोवर चुकीचे नाव इतके रुळले होते की ते बदलण्याचे धाडस झाले नाही. कंपनीने केवळ 'रॉयल अल्बर्ट हॉल' या शब्दांभोवती अवतरणचिन्हे घातली आणि आपले इतिहासाविषयीचे कर्तव्य उरकले. खऱ्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील मैफलीचे ध्वनिमुद्रण स्वतंत्रपणे ऐकायला मिळण्यासाठी रसिकांना २०१६ साल उजाडेपर्यंत थांबावे लागले.

कॅट पॉवरने त्या अवतरणचिन्हांना फाटा दिला आणि ती प्रत्यक्ष त्याच सभागृहात जाऊन गायली. एका अर्थाने दंतकथेला तिचा पत्ता छप्पन्न वर्षांनी मिळाला.

'ज्यूडास'ची आरोळी

मँचेस्टरच्या त्या रात्रीला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत लोकसंगीताचे पुनरुज्जीवन ही केवळ संगीतातील घडामोड नव्हती. वूडी गथ्री, पीट सीगर यांच्यासारख्या गायकांमुळे लोकगीत कामगारांच्या सभेशी, संपाशी, युद्धविरोधी मोर्चाशी जोडले गेले होते. हातात एक लाकडी गिटार, अंगावर साधे कपडे आणि शब्द स्पष्ट ऐकू येतील असा गळा, ही त्या गायकाची ओळख होती. ब्रिटनमध्ये तर इवन मॅकॉल यांच्यासारख्या कट्टर पुरस्कर्त्यांच्या क्लबमध्ये गायकाने आपल्याच भाषेतील आणि आपल्याच परंपरेतील गाणी गावीत असा दंडक होता. साधेपणा हा तेथे सौंदर्याचा नव्हे, नीतीचा प्रश्न मानला जाई.

डिलन हा या चळवळीचा लाडका. २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनमध्ये आपले प्रसिद्ध भाषण केले, त्या सभेत बावीस वर्षांचा डिलन गायला होता. त्यानंतर दोनच वर्षांत तो बदलला. मार्च १९६५ च्या ध्वनिमुद्रिकेत निम्म्या गाण्यांना विजेची साथ होती. त्याच्याच 'मिस्टर टॅम्बोरीन मॅन' या गाण्याला 'द बर्ड्स' या तरुणांच्या बँडने झणझणीत बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार जोडली आणि ते गाणे त्या उन्हाळ्यात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिल्या क्रमांकावर गेले. 'फोक-रॉक' हा शब्द याच सुमारास नियतकालिकांत रूढ झाला. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्ट येथील लोकसंगीत महोत्सवात डिलन बँड घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांपैकी काहींनी हुर्यो उडवली. ती विजेमुळे, खराब आवाजामुळे की कार्यक्रम आटोपता घेतल्यामुळे, यावर अजून वाद चालतात.

१९६६ च्या जागतिक दौऱ्यात मात्र वादाला जागा राहिली नाही. पूर्वार्धात डिलन एकटा गाई आणि सभागृह स्तब्ध होऊन ऐके. मध्यंतरानंतर तो 'द हॉक्स' या साथीदारांना घेऊन येई आणि लढाई सुरू होई. रॉबी रॉबर्टसन, रिक डँको, रिचर्ड मॅन्युएल, गार्थ हडसन हे पुढे 'द बँड' या नावाने कीर्ती पावलेले वादक तेव्हा साथीला होते. त्यांचा नेहमीचा ड्रमवादक लेव्हॉन हेल्म शिव्याशाप ऐकून कंटाळला आणि आधीच्या वर्षाअखेरीसच निघून गेला. त्याच्या जागी मिकी जोन्स आला. श्रोते मुद्दाम संथ लयीत टाळ्या वाजवून गाण्याला खीळ घालत, काही उठून जात. मँचेस्टरमध्ये शेवटच्या गाण्याआधीच्या शांततेत एक आवाज घुमला : 'ज्यूडास!' तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा तो शिष्य. डिलनने त्याला आपला विश्वास नाही, तू खोटारडा आहेस असे सुनावले, साथीदारांकडे वळून जोरात वाजवा म्हणून शिवीसह बजावले आणि 'लाइक अ रोलिंग स्टोन' सुरू झाले. त्या क्षणाचे चित्रणही मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २००५ च्या माहितीपटात पाहावयास मिळते. पुढे ती आरोळी आपलीच, असे सांगणारे एकाहून अधिक जण निघाले. हेही त्या रात्रीच्या दंतकथेला शोभणारेच. २०२४ अखेर पडद्यावर आलेल्या 'अ कम्प्लीट अननोन' या चित्रपटाने तर ही आरोळी मँचेस्टरहून उचलून थेट न्यूपोर्टला नेऊन ठेवली. या मैफलीच्या नशिबी पत्ता चुकणेच लिहिलेले दिसते.

या गदारोळात एक साधी गोष्ट सहसा विसरली जाते. मँचेस्टरच्या श्रोत्यांनी त्या रात्रीची कितीतरी गाणी आयुष्यात प्रथमच ऐकली होती. 'व्हिजन्स ऑफ जोहाना', 'फोर्थ टाइम अराउंड', 'जस्ट लाइक अ वूमन', 'लेपर्ड-स्किन पिल-बॉक्स हॅट' ही गाणी ज्या जोड-ध्वनिमुद्रिकेत आहेत, ती 'ब्लाँड ऑन ब्लाँड' तेव्हा बाजारात यायची होती. आणि जी गाणी श्रोत्यांच्या ओळखीची होती, त्यांचे रूप ओळखू येऊ नये इतके पालटलेले. 'वन टू मेनी मॉर्निंग्ज' हे १९६४ मधील हळुवार गाणे आता ड्रमच्या ठोक्यांवर आदळत होते. नव्या गाण्यांपेक्षा आपल्या जुन्या गाण्यांची ही 'मोडतोड' श्रोत्यांच्या अधिक जिव्हारी लागली असावी. राग विजेवर होता असे म्हटले जाते. परंतु आपली म्हणून जपलेली वस्तू मालकाने परत मागावी, तसे काहीसे ते दुःख होते.

गाणे मोडणारी गायिका

कॅट पॉवर हे शॉन मार्शल हिचे रंगमंचावरील नाव. जन्म १९७२, अटलांटा. वडीलही संगीतकार. १९९० च्या दशकापासून तिने स्वतःची गाणी लिहिली, गायली. २००६ ची 'द ग्रेटेस्ट' ही मेम्फिसच्या जुन्या सोल वादकांसह केलेली ध्वनिमुद्रिका विशेष गाजली. पण तिची दुसरी ओळख दुसऱ्यांची गाणी गाणारी म्हणून आहे. २०००, २००८ आणि २०२२ अशा तीन वेळा तिने केवळ इतरांच्या गाण्यांच्या, किंवा बहुतांशी तशा, ध्वनिमुद्रिका काढल्या. इतरांची गाणी ती गाते म्हणजे काय करते, हे पाहायचे तर 'द रोलिंग स्टोन्स'चे 'सॅटिस्फॅक्शन' ऐकावे. साऱ्या जगाला पाठ असलेले ध्रुवपदच तिने गाळून टाकले. उरलेले शब्द तिने एका गिटारीवर असे कुजबुजले की गाणे कोणाचे, हे कळायला वेळ लागावा. आपल्याकडे बंदीश एक आणि मांडणी गवयागणिक निराळी असते. कॅट पॉवर पुष्कळदा बंदिशीचेच दोन-चार शब्द तेवढे शिल्लक ठेवते.

डिलन तिच्या गाण्यात पूर्वीपासून आहे. २००० च्या ध्वनिमुद्रिकेत त्याचे 'पाथ्स ऑफ व्हिक्टरी' आहे, २००८ च्या 'ज्यूकबॉक्स'मध्ये 'आय बिलीव्ह इन यू'. शिवाय त्याच ध्वनिमुद्रिकेत तिने स्वतः लिहिलेले 'साँग टू बॉबी' आहे, डिलनला उद्देशून. ही प्रथाही डिलनचीच. १९६२ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत त्याने 'साँग टू वूडी' हे गाणे गथ्रीला वाहिले होते आणि त्यासाठी चाल घेतली होती गथ्रीच्याच एका गाण्याची. म्हणजे गुरूचे ऋण फेडण्यासाठी गुरूच्याच पेटीतले नाणे.

रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गाण्याची संधी आली तेव्हा मात्र या गाणी मोडणाऱ्या गायिकेने नेमके उलट केले. तिने क्रम बदलला नाही, एकही गाणे वगळले नाही, अकरा मिनिटांचे 'डेसोलेशन रो'ही आखडले नाही. वाद्यांची ठेवणही शक्य तितकी जुन्या मैफलीच्या वळणावर ठेवली. वादन साथीदारांकडे सोपवून तिने आपल्याकडे फक्त गळा ठेवला.

येथे प्रश्न उभा राहतो तो असा. डिलन स्वतः आपल्या गाण्यांशी कधीच असा एकनिष्ठ राहिलेला नाही. साठ वर्षे तो ती उलटीपालटी करीत आला आहे; त्याच्या मैफलीत पाच मिनिटे ऐकूनही कोणते गाणे चालू आहे हे न कळणारे श्रोते जगभर आहेत. अशा कलावंताला मानवंदना म्हणून त्याची एक रात्र जशीच्या तशी उभी करायची, तर ती मानवंदना की मेणाचा पुतळा? मँचेस्टरमध्ये ज्यांनी हुर्यो उडवली, त्यांनाही गाणी जशी होती तशीच हवी होती. मग त्यांची आणि या पुनर्निर्मितीची मागणी वेगळी ती काय?

ध्वनिमुद्रण ऐकताना या प्रश्नाचे उत्तर पूर्वार्धात मिळते, उत्तरार्धात मात्र अर्धेच मिळते.

पूर्वार्धातील सात गाण्यांत तिचा खालच्या पट्टीतला, किंचित घोगरा आवाज शब्दांना घाई करीत नाही. १९६६ चा डिलन हीच गाणी एका विलक्षण ग्लानीत, एकेक अक्षर ताणत गातो. तो दौऱ्याने थकलेला आहे हे ऐकू येते. कॅट पॉवर पुष्कळ ठिकाणी त्याचेच थांबे पाळते, पण त्या ग्लानीच्या जागी लक्षपूर्वकता येते. 'व्हिजन्स ऑफ जोहाना'सारखे लांबलचक, प्रतिमांनी गजबजलेले गाणे तिच्या तोंडून उलगडत जाते. 'जस्ट लाइक अ वूमन' या गाण्यावर स्त्रीविषयी तुच्छता दाखवल्याचा आरोप फार जुना आहे. नीना सिमोन यांनी १९७१ मध्ये ते गायले तेव्हाच त्याचा रोख बदलला होता. पन्नाशीच्या कॅट पॉवरच्या आवाजात तर ते कोणा दुसरीविषयीचे उरतच नाही. शब्द तेच, क्रम तोच, आणि तरीही गाणे दुसऱ्या घरात राहायला गेलेले. मोडतोड न करताही हे साधते, हे या सात गाण्यांनी दाखवले.

उत्तरार्धात साथीदार चोख आहेत. पण चोखपणाच तेथे आड येतो. १९६६ च्या ध्वनिमुद्रणात मिकी जोन्सचा ड्रमवरचा प्रत्येक तडाखा श्रोत्यांच्या अंगावर जातो, कारण समोरून विरोध येत होता. २०२२ मध्ये समोर विरोध नव्हता. सगळ्यांना सगळी गाणी पाठ होती आणि सगळे भक्तिभावाने आले होते. रॉबर्टसनच्या गिटारीतील ती कडवट धार कोणत्याही तालमीने येण्यासारखी नाही. ती भांडणातून आलेली होती. 'लाइक अ रोलिंग स्टोन'मध्ये मात्र एक निराळीच गोष्ट घडते. डिलन ते आरोपासारखे गातो, वैभवातून रस्त्यावर आलेल्या कोणाला तरी टोचून विचारल्यासारखे. कॅट पॉवर गाते तेव्हा विचारणारी स्वतः त्या रस्त्यावर राहून आलेली आहे असे वाटते.

असे वाटण्याला तिचा भूतकाळही कारण असेल. एके काळी ही गायिका अपुऱ्या मैफलींसाठी प्रसिद्ध होती. श्रोत्यांकडे पाठ करून गाणे, मध्येच गाणे सोडून देणे, माफी मागणे हे तिच्या कार्यक्रमांत वारंवार घडे. २००६ मध्ये दौरा रद्द करून तिला रुग्णालयात दाखल व्हावे लागले. मद्यपान आणि मानसिक कोसळण्याविषयी ती नंतर जाहीरपणे बोलली आहे. तिच्यासारखीने दुसऱ्याने आखलेल्या चाकोरीत पंधरा गाणी एका दमात पूर्ण करणे हे सोपे नाही. ज्या गायिकेला आपली मैफल पार पाडणे अवघड जात होते, तिला डिलनच्या मैफलीचा सांगाडा कदाचित आधाराचा वाटला असेल. मानवंदनेत देणाऱ्याला काय मिळते, हे सहसा विचारले जात नाही.

या संदर्भात आणखी एक प्रसंग आठवतो. डिलनला २०१६ चे साहित्याचे नोबेल जाहीर झाले. तो स्टॉकहोमच्या समारंभाला गेलाच नाही. त्याच्या वतीने १० डिसेंबर रोजी पॅटी स्मिथ यांनी 'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल' गायले आणि राजघराण्यासमोर त्या मध्येच अडखळल्या. त्यांनी क्षमा मागितली, आपण फार घाबरलो आहोत असे सांगितले आणि पुन्हा सुरुवात केली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. डिलनला वाहिलेल्या असंख्य मानवंदनांपैकी ती लोकांच्या लक्षात राहिली, ती त्या अडखळण्यासह.

उलट दिशेचा प्रवास

'कॅट पॉवर सिंग्ज डिलन' या नावातही एक जुना धागा आहे. १९६५ मध्ये 'ओडेटा सिंग्ज डिलन' नावाची ध्वनिमुद्रिका निघाली होती. ओडेटा ही थोर कृष्णवर्णीय लोकगायिका, नागरी हक्क चळवळीचा आवाज. डिलनने पुढे एका मुलाखतीत सांगितले आहे, की लोकसंगीताकडे आपल्याला वळवले ते ओडेटाच्या ध्वनिमुद्रिकेने; ती ऐकून त्याने आपली इलेक्ट्रिक गिटार देऊन साधी गिटार घेतली. विजेकडून लाकडाकडे त्याला एका गायिकेने नेले, तो पुन्हा विजेकडे गेला म्हणून लोकांनी त्याला विश्वासघातकी ठरवले, आणि त्या दोन्ही डिलनांना एकाच रात्री एकत्र गाणारीही गायिकाच.

लंडनच्या त्या मैफलीतही उत्तरार्धात एका श्रोत्याने 'ज्यूडास' अशी हाक घातलीच. ती हाक घाईची होती, जुन्या मैफलीतल्यापेक्षा एक गाणे आधी. कॅट पॉवरने उत्तर दिले ते एका शब्दाचे : 'जीझस'. सभागृह हसले. १९६६ मध्ये त्या शब्दाने एका तरुणाला पेटवले होते; आता तो कार्यक्रमपत्रिकेचा भाग झाला होता.

मँचेस्टरनंतर अवघ्या अडीच महिन्यांत, २९ जुलै १९६६ रोजी, वूडस्टॉकजवळ डिलनची मोटारसायकल कलंडली आणि तो जवळजवळ आठ वर्षे दौऱ्यावर गेला नाही. फ्री ट्रेड हॉलचे पुढे हॉटेल झाले. त्या रात्री साथीला असलेल्या पाच वादकांपैकी आज कोणीही हयात नाही. रॉबी रॉबर्टसन ऑगस्ट २०२३ मध्ये, कॅट पॉवरची ध्वनिमुद्रिका निघण्यापूर्वी तीन महिने गेला. शेवटचा उरलेला गार्थ हडसन जानेवारी २०२५ मध्ये.

त्या पंधरा गाण्यांतले आठवे, म्हणजे उत्तरार्धाचे पहिले गाणे 'टेल मी, मॉमा'. डिलनने ते कधीही स्टुडिओत मुद्रित केले नाही आणि १९६६ च्या दौऱ्यानंतर रंगमंचावरही पुन्हा गायले नाही. जुन्या फितींवर त्याचे शब्द मैफलीगणिक बदलतात, काही तर गलक्यात आणि गिटारींच्या आवाजात नीट उमटतही नाहीत. कॅट पॉवरला ते गाण्यासाठी आधी शब्द ठरवावे लागले असणार. लंडनमध्ये उत्तरार्धाची सुरुवात तिने त्याच गाण्याने केली, आणि या वेळी श्रोत्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.